तायडे भाऊजींची अष्टमी

आमच्या इमारतीत कोणाला समुद्रावर जायचं असेल तर बॅग उचलून, चाकं जमिनीला न लावता खाली न्यावी लागते. विनोद नाही करत. चाकांची घरघर ऐकू आली की चौथ्या मजल्यावरचे तायडे दार उघडून जिन्यात हजर. अंगात बाह्यांचा बनियन, हातात चहाचा कप आणि तोंडात एकच प्रश्न.

"कुठं?"

"अलिबागला, काका."

"तिकडं काहून मरता?"

झालं! त्या माणसाची गाडी चुकली म्हणून समजा. अलिबागला लाट आहे का? बादलीत हात हलवला तर त्याहून मोठी येते. गोवा? गोव्यात समुद्र दिसतोच कुठं, समोर माणसांच्या पाठी. तारकर्ली? तिथं होड्या लय. सगळ्या कोकणपट्टीत तायडेंच्या मते माणसाने पाय ठेवावा असा किनारा एकच, तो म्हणजे सुरूबंदर. मालवणच्या बाजूचं एवढंसं गाव. आणि तिथे जाऊन नुसतं डुंबायचं, शिंपले वेचायचे असला आळस चालत नाही. फळीवर उभं राहून लाटेवर स्वार व्हायचं. सर्फिंग करायचं! मुलुंड पूर्वेच्या पेन्शनर माणसांना, गुडघ्याला पट्टे बांधणाऱ्या बायकांना हा माणूस सर्फिंगला पाठवतो.

मग सूचना सुरू. त्या संपेपर्यंत जिना उतरायची सोय नाही.

"गाडीत डावीकडं बसू नका, सकाळचं ऊन तोंडावर येते. तिठ्यावर उतरा. रिक्षावाला खाडीच्या तोंडाशी न्यायला बघीन, तिथं त्याच्या मेव्हण्याचं हॉटेल आहे. नाही म्हणा. खाडीचं तोंड दिसते शांत, पण जिथं लाट फुटत नाही तिथंच पाणी आत ओढते. ओढलंच तर सरळ किनाऱ्याकडं हात मारू नका, आडवे जा. दक्षिणेला काळा कातळ आहे, तो शिकलेल्यांसाठी. तुमची कवटी फुटीन. तुम्ही उत्तरेला सुरूच्या बनाकडं जा. खाली नुसती वाळू. पडले तर चड्डीत वाळू जाईन, बाकी काही नाही. सकाळीच उतरा, दुपारी वारं सुटलं की लाटेचा चुरा होते. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, नाहीतर पाठ भाजते. आधी पोट भरू नका. फळीची दोरी पायाला बांधा. आणि पहिली लाट सोडायची. थांबायचं. लाटा घोळक्यानं येतात, चांगली मागून असते."

ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस जन्मभर समुद्रात होता. अहो, कसला समुद्र! तायडे वाशिमकडचे. नोकरीसाठी मुंबईत आले, सरकारी कचेरीत निवृत्त होईपर्यंत टिकले आणि एवढ्या वर्षांत चौपाटीवर गेले एकदा. तेही शीलाताईच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या हट्टापायी. बूट काढले नाहीत. "हे पाणी उगाच काहून हलून राहिलं?" एवढं विचारून परत आले. शीलाताईने मला हे पोट धरून हसत सांगितलं होतं. आमची दारं समोरासमोर. ती माझी मैत्रीण, म्हणून ते माझे भाऊजी. आणि भाऊजी म्हटलं की बोलायचा हक्क आला. तो मी सोडत नाही.

बरं, सुरूबंदर कबूल केलं तरी सुटका नाही. पुढची अट तिथीची. जायचं ते अष्टमीलाच.

ही तिथी त्यांना मीच दिली. माझं माहेर मालवणकडचं. एकदा भाजी निवडता निवडता बोलून गेले, की पुनवेला आणि अवसेला उधाण, पाणी पिसाळलेलं. अष्टमीला भांग, म्हणजे पाणी मवाळ. त्यांनी ते असं धरलं की विचारू नका. आता तायडे म्हणजे कोण, हे आधी कळायला हवं. ज्यांनी स्वतःचं लग्न मुद्दाम अवसेला लावलं, ज्यांच्या घरात बुद्धवंदना सोडून दुसरी पूजा नाही, समोर कोणी मुहूर्ताचं नाव काढलं तर त्याला उभा सोलतील, असा माणूस. आणि तो आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवत अष्टमी शोधतो! तळमजल्याच्या पेंडशांना आयतंच कोलीत मिळालं.

"काय तायडे, शेवटी पंचांगावर आलात म्हणायचं!"

"हे पंचांग नाही, पेंडसे. हे पाणी आहे. चंद्र ओढते, पाणी हलते. विज्ञान आहे. तुमचा राहुकाळ नाही."

माणसं अष्टमीला जाऊन यायची आणि कुरकुर करायची, "काका, लाटा अगदीच बारक्या होत्या." त्यावर तायडेंचं उत्तर ठरलेलं. "मेले का? नाही ना? मग!"

हे सगळं एक वेळ चालेल. मला झोंबतं ते वेगळंच. लाटेसाठी थांबायचं, थांबायचं, असं जगाला शिकवणारा हा माणूस स्वतः उभ्या जन्मात कोणासाठी थांबलेला नाही. स्टेशनवर लिफ्ट वर असेल तर जिना. डॉक्टरकडे पुढे दोन माणसं बसलेली दिसली तर ताप घेऊन घरी परत. लग्नात पंगतीला जागा नसेल तर आहेर देऊन उपाशी चालते होतात. शीलाताई करवादायची. एकदा मीही बोलले, "भाऊजी, जरा दम धरला तर काय झिजाल?"

तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला. "माझा आजा गावच्या विहिरीवर थांबत होता, ताई. पाण्याला हात लावाची मनाई. कोणीतरी येईन, वरून ओतीन, म्हणून भांडं घेऊन उन्हात उभा. कधी कोणी यायचं, कधी नाही यायचं. आमच्या घराण्याचं थांबून झालं. मी थांबत नाही."

त्यात खोटं काही नव्हतं.

त्यांना एकच मुलगी, संघमित्रा. आम्ही सगळे मित्राच म्हणतो. हुशार पोर. इंजिनियर झाली, ऐरोलीला नोकरी लागली, बापाने सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले. मग एका सुट्टीत मैत्रिणींबरोबर सुरूबंदरला गेली आणि तिथलीच झाली. नोकरी सोडली. आता सुरूच्या बनापाशी तिची सर्फिंगची शाळा आहे. शाळा म्हणजे काय, एक झोपडी आणि भिंतीला टेकवलेले निळे बोर्ड. तेव्हा घरात जे रण पेटलं ते आम्ही समोरच्या दारातून ऐकलं.

"आमच्या आज्याला घोटभर पाण्यासाठी हात जोडा लागत होते! अन् तू पाण्यात खेळाची नोकरी करते?"

"खेळत नाही, बाबा. उभी राहते."

बापाने ऐकलंच नाही. पोर गेली. शीलाताई स्वयंपाकघरात नळ सोडून, त्याच्या आवाजाआड तिच्याशी फोनवर बोलायची आणि बाहेर येऊन सांगायची, "मित्रा बरी आहे." तायडे पेपर वाचत असल्याचं नाटक करायचे. पेपर उलटा आहे की सुलटा, हे मी बघितलं नाही. पण पान उलटत नव्हतं एवढं खरं.

आणि मग शीलाताई गेली. सकाळी चहा ठेवला, ओट्याला टेकून खाली बसली, ती बसलीच. मी मित्राला फोन लावत राहिले. ती पाण्यात, फोन झोपडीत. दुपारी तिचा उलटा फोन आला. रडली नाही, एवढंच म्हणाली, "मावशी, मी निघाले. बाबांना सांग, थांबा."

मी सांगितलं. भरल्या घरात सगळ्यांसमोर सांगितलं. त्यांच्या भावाने सांगितलं, पोरगी पहाटे पोचते, तोवर बर्फ मागवू. तायडे म्हणाले, "तायडे कोणासाठी थांबत नाही." आणि उचलायला लावली. एका लेकीला आईचा चेहरा बघू दिला नाही या माणसाने. माझं तोंड वाईट आहे, मला माहीत आहे. पण त्या दिवशी मी बोलले नाही, याची चीड अजून पोटात आहे.

पहाटे मित्रा आली. घरात शीलाताईचा फोटो, पुढे मेणबत्ती. पोरीने उंबऱ्यात पाय ठेवला आणि बापाच्या तोंडून निघालं, "झाल्या का लाटा?"

बस्स! तेवढंच. पण तेवढं पुरलं. ती आत गेली नाही, माझ्या घरी आली. जलदानविधीपर्यंत माझ्याकडेच राहिली. विधीला सगळ्यांच्या मागे उभी राहिली, आईच्या फोटोला हात जोडले आणि गेली. त्यानंतर ना तिने फोन केला, ना ह्यांनी. दोघं एकाच मातीची, काय करणार?

हे 'तिकडं काहून मरता' सुरू झालं ते त्यानंतर. मला आधी वाटलं, एकटेपणाने डोक्यावर परिणाम झाला. मग एकदा दुसऱ्या मजल्यावरचे नाईक सुरूबंदरहून परतले. तायडेंनी त्यांना चौथ्या मजल्यावर बोलावून जिन्यात धरलं. रिक्षावाला कुठे नेत होता, पाणी किती होतं, वारं कधी सुटलं, तिने काय शिकवलं, पायाला दोरी बांधली का, सगळं उकरून घेतलं. त्यांचं सगळं ज्ञान हे असं, आल्यागेल्याकडून गोळा केलेलं. नाईक सुटून दोन पायऱ्या उतरले, तेवढ्यात मागून प्रश्न आला. सहज, अंगावरचा धागा झटकावा तसा.

"आणि ती शिकवणारी... बारीक झाली का?"

मी दूध घ्यायला दारात उभी होते. ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पोरीची शाळा चालावी म्हणून हा माणूस गिऱ्हाइकं धाडतो! बाकीच्या सगळ्या किनाऱ्यांची बदनामी करतो ती ह्यासाठी. "माझं नाव काढायचं नाही," असं बजावून पाठवतो. आणि अष्टमीच का? तर मवाळ पाण्यात कोणी बुडत नाही, आणि कोणी बुडालं नाही म्हणजे तिला कोणाला वाचवायला उडी घ्यावी लागत नाही.

मी त्याच संध्याकाळी त्यांच्या दारात गेले. "भाऊजी, फोन करा."

"कोणाला?"

"माझ्या सासऱ्यांना! कोणाला काय?"

"तिकडं फोन लागत नाही."

"लावलात कधी?"

दार बंद. बरं, बंद तर बंद. पुढच्या अष्टमीला मीच उठले आणि सुरूबंदरला गेले. माझं वय फळीवर उभं राहायचं नाही, गुडघे तर नाहीच नाही. पण राग आला की मला गुडघे आठवत नाहीत.

सुरूच्या बनात अगदी वाळूच्या काठाला एक वाकडा सुरू आहे, त्याच्या पुढ्यात तिची झोपडी. मला बघून मित्राने हातातला बोर्ड टाकला आणि हसायलाच लागली. "मावशी, तू पण अष्टमीलाच? तू पण पूर्ण बाह्यांच्या शर्टात?"

"तुला कसं..."

"अगं, मुलुंडहून येणारं प्रत्येक माणूस अष्टमीला येतं. बाह्या पूर्ण, पोट रिकामं. भुकेने चक्कर येते एकेकाला, आधी केळी भरवावी लागतात! आणि परत जाताना सगळे मला वरपासून खालपर्यंत बघतात, वजनकाट्यावर घातल्यासारखे. मला पहिल्याच वेळी कळलं, कोणी पाठवलंय ते. आता मी अष्टमीला दुसरं कोणी घेतच नाही."

तिने मला सोडलं नाही. बोर्डवर पालथी झोपवली, दोरी बांधली, कमरेएवढ्या पाण्यात नेली. लाट आली. "ही सोड. थांब, मावशी." दुसरीही सोडली. मी म्हटलं, "अगं, मी आपली धरते एखादी." तर म्हणाली, "नवशिक्याला धरता येत नाही. भीतीने हात आखडतात. मागून ढकलावं लागतं." आणि पुढच्या लाटेला तिने बोर्डाला असा काही रेटा दिला आणि ओरडली, "आता!" मी उभी राहिले. आई शप्पथ, राहिले! 'आई गं' म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढीच, पण राहिले. मग नाकातोंडात पाणी.

नंतर आम्ही वाकड्या सुरूखाली बसलो. ती वाळूत बोटाने रेघा ओढत होती. "बाबा कसे आहेत?"

"बडबडतात."

"माझ्यावर अजून चिडलेत?"

"तुझ्यावर कशाला चिडतील? दोष त्यांचा. पण ते कबूल करायला पुरुषांना सात जन्म लागतात."

तिने तळव्याने रेघा पुसल्या. मग म्हणाली, "ते थांबले नाहीत ना, मावशी, ते अजून गिळलं जात नाही मला. आईचा चेहरा आठवायला गेले की फोटोच आठवतो. पण घशात तरी किती दिवस ठेवू? त्यांना सांग, पुढच्या अष्टमीला मी कोणाला शिकवणार नाही. इथेच असेन. थांबते म्हणावं."

मी तिचे शब्द जसेच्या तसे आणून भाऊजींच्या पुढ्यात ठेवले. त्यांनी कॅलेंडर बघितलं. "त्या अष्टमीला गर्दी असते तिकडं."

"आडदिवस आहे. कसली गर्दी?"

"वारंही असते."

मी कपाळाला हात लावला. पण चार दिवसांनी बघते तर दारातल्या दोरीवर नवा शर्ट. पांढराशुभ्र, पूर्ण बाह्यांचा. समुद्राला चाललात की बुद्धपौर्णिमेला, असं विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. कधी नव्हे ती जीभ आवरली.

अष्टमीच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांना हायवेवर घेऊन गेले. बोरिवलीहून सुटणाऱ्या कोकणच्या गाड्या तिथे थांबतात. पहिली गाडी आली. क्लीनर ओरडला, "कुडाळ, मालवण!" तायडे जागचे हलले नाहीत.

"सोडा," म्हणाले. "पहिली सोडायची असते."

मी बघतच राहिले. दुसरी आली. हिचा ड्रायव्हर त्यांना जांभई देताना दिसला. तीही गेली. मग मात्र माझा तोल गेला. हायवेच्या कडेला, दहा माणसांसमोर मी ओरडले, "अहो भाऊजी, लाज वाटू द्या! बायकोच्या वेळी एक रात्र थांबता आलं नाही तुम्हाला, आणि आज थांबायचं सुचलं?"

बोलून गेले. ते बॅगेवर मटकन बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर.

"तेच तर, ताई," म्हणाले. "ती थांबा म्हणाली. मले ऐकू आलं होतं. पण ती आली असती तर मी तिच्यासमोर रडलो असतो, ताई. पोरीच्या गळ्यात पडून रडलो असतो. म्हणून उरकून टाकलं. अन् ती दारात आली तर तोंडातून ते निघालं. आता कोणत्या तोंडानं जाऊ?"

"आहे त्याच तोंडाने! दुसरं आहे का?"

तिसरी गाडी आली. त्यांनी एक पाय पायरीवर ठेवला आणि थिजले. मागे लोक खोळंबले, क्लीनर शिव्या देण्याच्या बेतात. मी काय केलं? दोन्ही तळवे त्यांच्या पाठीला लावले, "आता!" म्हणून ओरडले आणि दिला रेटा. भाऊजी क्लीनरच्या अंगावर. लोक फिदीफिदी हसले. हसू देत. गाडी गेली आणि मी तिथेच उभी राहून पदराने डोळे पुसत राहिले.

तिसऱ्या दिवशी पहाटे समोरच्या कुलपात किल्ली फिरली. मी दार उघडलं. भाऊजी वाकून बूट झटकत होते. बुटांत वाळू. म्हणजे काढले नव्हतेच.

"कसं झालं?"

"लाटा छान होत्या."

"लाटा गेल्या खड्ड्यात! मित्रा?"

"दिसली."

"काय म्हणाली?"

"ती कामात होती. मी काहून मधात बोलू?" मग ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले. त्यांचा आवाज बदलला. "सुरूखाली बसलो होतो. ताई, ती पाण्यावर उभी होती. उभी! दोन्ही हात मोकळे. कोणाला विचारलं नाही, कोणी ओतीन म्हणून वाट पाहिली नाही. एवढं पाणी, अन् माझी पोर त्याच्यावर पाय देऊन उभी. आज्यानं पाहाले पायजे होतं." त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि त्यांना ते पुसायचं भान नव्हतं.

माझेही डोळे भरले, नाही कशाला म्हणू. पण राग त्याहून मोठा. "मग उठून चार पावलं टाकायला काय झालं होतं?"

"भरती आली."

"अष्टमीला?"

"थोडी आली," म्हणाले आणि आत गेले.

दुपारी मित्राचा फोन. "मावशी, बाबा आले होते. मला दिसले. सुरूखाली पांढरा शर्ट घालून बसले होते. मी लाटेमागून लाट घेत राहिले. म्हटलं, आता उठतील, आता उठतील. त्यांनी उठून यावं असं वाटत होतं गं मला. शेवटी मीच हाक मारायला पाण्याबाहेर आले, तर रिक्षा निघालेली." मग म्हणाली, "फार बारीक झालेत."

मी फोन ठेवला आणि दोघांना मनसोक्त शिव्या घातल्या. घराण्याचं थांबून झालं म्हणे! बाप सुरूखाली थांबला, लेक पाण्यात थांबली, मधे दगड मारावा एवढं अंतर. कोणी हात लावू नको म्हटलेलं नव्हतं, कोणी अडवलेलं नव्हतं. आपल्याच हाताने विहीर खणायची आणि आपणच काठावर भांडं घेऊन उभं राहायचं, याला काय म्हणावं?

दोन दिवस भाऊजींचं दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी जिन्यात चाकांची घरघर झाली. पाचव्या मजल्यावरचं नवं जोडपं. बिचाऱ्यांना बॅग उचलायचं कोणी सांगितलं नव्हतं. दार उघडलं.

"कुठं?"

"गोव्याला, काका."

"तिकडं काहून मरता? सुरूबंदरला जा." मग डावीकडची सीट, रिक्षावाल्याचा मेव्हणा, काळा कातळ, सगळं झालं. मी माझ्या दारात उभी राहून ऐकत होते. शेवटी एक नवी सूचना आली. ही मी कधी ऐकलेली नव्हती.

"आणि दमले की बनात एक वाकडा सुरू आहे, त्याच्याखाली बसा. सावली चांगली आहे. तिथून सगळं दिसते. अन् तिथून आपण कोणाला दिसत नाही."

मला राहवलं नाही. "दिसता," मी म्हटलं.

त्यांनी वळून बघितलं.

"पांढरा शर्ट घालून सुरूखाली बसलेला माणूस अख्ख्या किनाऱ्याला दिसतो, भाऊजी. फोन आला होता मला."

ते जोडपं कधी माझ्याकडे, कधी त्यांच्याकडे बघत होतं. भाऊजींनी मला जेमतेम ऐकू येईल असं विचारलं, "काय म्हणाली?"

"बारीक झालात म्हणाली."

त्यांचा एक हात बनियनवरून पोटावर गेला, खरंच बारीक झालोय का ते बघायला गेल्यासारखा. मग ते आत गेले. दार मात्र लावायचं राहिलं. आतून भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं वाजल्याचं मला ऐकू आलं.

त्या जोडप्यातली मुलगी गोंधळून म्हणाली, "काकू, मग आम्ही नक्की कधी जायचं?"

"अष्टमीला," मी म्हटलं. "आणि त्या वाकड्या सुरूखाली पांढऱ्या शर्टातला एखादा म्हातारा बसलेला दिसला, तर काही विचारत बसू नका. मागून जा आणि ढकला."